फेरीबोटीपलीकडचा परदेश

परदेशात विषाणूजन्य रोगाची साथ पसरली असता स्वदेशातील लोकांवर तिचा काय परिणाम होतो, या प्रश्नाला साथरोगशास्त्र, म्हणजे रोग समाजात कसा शिरतो, कसा फिरतो आणि कधी ओसरतो याचा हिशेब ठेवणारे शास्त्र, विमानांच्या फेऱ्या, लोकवस्तीची दाटी आणि एका रुग्णामागे होणारी सरासरी लागण यांच्या आधारे उत्तर देते. हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे, कारण परदेश नेमका कोठे सुरू होतो हे सर्वांना ठाऊक आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात साथ जसजशी जवळ येते तसतसा परदेशही जवळ सरकत असतो. जानेवारीत तो चीनमध्ये असतो, मार्चमध्ये मुंबईत, मे महिन्यात नदीपलीकडे आणि चतुर्थीच्या सुमारास शेजाऱ्याच्या माडीवर. परदेशाच्या या सरकण्याचा अभ्यास करू पाहणाऱ्यास गोव्याच्या पेडणे तालुक्यातील तेरेखोल या गावाइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

गोवा उत्तरेकडे तेरेखोल नदीच्या मुखापाशी संपतो, असे शाळेच्या भूगोलात शिकवले जाते आणि ते जवळजवळ खरे आहे; कारण गोवा तेथे संपल्यावर नदीपलीकडे पुन्हा थोडासा सुरू होतो आणि हा थोडासा गोवा म्हणजेच तेरेखोल. किल्ला, त्यातील सेंट अँथनीचे चर्च आणि मोजकी घरे एवढा पसारा नदीच्या उत्तर काठावर, महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला टेकून बसला आहे. उर्वरित गोव्यातून तेथे जायचे तर केरीच्या धक्क्यावर फेरीबोट धरावी लागते, आणि ती नको असेल तर किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्याला, म्हणजे महाराष्ट्रात, उतरून रस्त्याने पुन्हा गोव्यात शिरावे लागते. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी सतराव्या शतकात बांधलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला आणि तेव्हापासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गावामागची शीव ही परराज्याची सीमा राहिली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकवला तेव्हा, कागदोपत्री पाहिल्यास, ते परदेशात जाऊन स्वदेशाचा झेंडा लावत होते. अशा गावातील जुन्या पिढीला परदेश पाहण्यासाठी पासपोर्टापेक्षा चपला अधिक उपयोगी पडत, आणि परदेशातील गुरे अधूनमधून परसात येऊन भाजी खात असली तरी त्याला कोणी आंतरराष्ट्रीय प्रश्न मानत नसावे.

परदेशी साथीची पहिली अवस्था समाधानाची असते. ३० जानेवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना विषाणूची साथ ही आंतरराष्ट्रीय चिंतेची आणीबाणी असल्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी वुहानहून केरळात परतलेल्या एका विद्यार्थिनीच्या रूपाने भारतातील पहिला रुग्ण नोंदला गेला. तरीही कोकणपट्टीतील गजालींत, म्हणजे तिठ्यावर अथवा दुकानाच्या फळीवर बसून चालणाऱ्या निरुद्देश पण तपशीलवार चर्चांत, त्या आठवड्यात चिंतेचा विषय ‘ते लोक काय काय खातात’ हाच होता. परक्यांच्या ताटातील प्राणी रोग देतात आणि आपल्या ताटातील प्राणी फार तर काटे देतात, या तत्त्वावर ही अवस्था उभी असते. कोंबडीतून विषाणू येतो अशी अफवा फेब्रुवारीत देशभर पसरून कोंबडीचे भाव कोसळले तेव्हा या तत्त्वाला थोडा धक्का बसला. परंतु जेथे सुरमई आणि बांगडा यांना अन्न आणि कोंबडीला पाहुण्यांची सोय समजतात, तेथे हा धक्का फारसा जाणवण्याचे कारण नव्हते.

वस्तुतः चीनमधील घडामोडींचा आपल्या चुलीवर परिणाम होतो हे शिकण्यासाठी उत्तर गोव्याला विषाणूची गरज नव्हती. डिचोली तालुक्यातील तांबडे खनिज बार्जमधून मुरगाव बंदरात आणि तेथून मोठ्या प्रमाणावर चीनला जात असे, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आधीच्या काळात तेथील पोलादाच्या भट्ट्यांना या मातीची इतकी भूक लागली की पूर्वी टाकाऊ म्हणून बाजूला टाकलेल्या कमी प्रतीच्या खनिजालाही गिऱ्हाईक मिळाले. जागतिकीकरण, म्हणजे दूरच्या बाजारातील हालचालीने जवळच्या घरातील अंदाजपत्रक बदलणे, ही संज्ञा विद्यापीठात व्याख्यानांतून समजावून सांगावी लागते; साखळी-डिचोलीत ती ट्रकाच्या हप्त्यांतून समजली होती. हा धंदा २०१२ मध्ये बंद झाला, पुन्हा सुरू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१८ मध्ये पुन्हा थांबला. त्यामुळे २०२० मध्ये चीनहून काहीतरी येत आहे असे कळले, तेव्हा डिचोलीतील विचारवंतांनी आपली माती गेली तेव्हा तिचे शेवटी काय झाले हे विचारण्याची संधी घेतली असती तर त्यांना दोष देता आला नसता.

दुसरी अवस्था मिळकतीची असून परदेश प्रथमच खिशातून जाणवतो. गोव्यात ‘मुलगा बोटीवर असतो’ या वाक्याचा अर्थ तो मालवाहू अथवा प्रवासी जहाजावर नोकरीला आहे असा होतो आणि लग्नाच्या बोलणीत या वाक्याला पदवीइतके वजन असते. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे ३,७११ माणसांचे प्रवासी जहाज विलगीकरणात, म्हणजे लागणीच्या शंकेमुळे इतरांपासून वेगळे करून, उभे करण्यात आले. त्यावरील सातशेहून अधिक जणांना लागण झाली आणि जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांतील बहुतेक कर्मचारी. त्या दिवसापासून गोव्यातील अनेक घरांच्या दृष्टीने योकोहामा हे म्हापशापेक्षा जवळचे शहर झाले. पुढे जगभरची प्रवासी जहाजे थांबली आणि कोणतेही बंदर त्यांना आत घेण्यास उत्सुक नसल्याने आयुष्यभर जमिनीवरून समुद्राकडे पाहणाऱ्या कुटुंबांचे कमावते पुरुष समुद्रातून जमिनीकडे पाहत राहिले. ‘मरेला डिस्कव्हरी’ या जहाजावरील भारतीय कर्मचारी मुंबईच्या किनाऱ्यासमोर कित्येक दिवस थांबल्यानंतर २३ एप्रिलला बंदरात उतरू शकले, तेव्हा स्वदेश डोळ्यांना दिसत असूनही परदेशात असणे म्हणजे काय हे त्यांना पुरेपूर कळले होते.

याच काळात उलट दिशेचा परदेश पेडण्यात आधीच मुक्कामाला होता. मोरजी, मांद्रे आणि हरमल या किनाऱ्यांवर हिवाळ्यात रशियन पर्यटक चार्टर विमानांनी, म्हणजे प्रवासी कंपनीने संपूर्ण भाड्याने घेतलेल्या विमानांनी, येतात आणि मोरजीत दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत असणे ही नवलाई राहिलेली नाही. भारताने मार्चच्या मध्यावर व्हिसा स्थगित केले आणि २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमाने बंद केली, तेव्हा नवे परदेशी येणे थांबले, पण आलेले परदेशी राहून गेले. दाबोळीहून त्यांच्यासाठी खास विमाने सोडण्यात आली तरी काहींनी हरमल सोडले नाही. परिणामी असा प्रसंग उद्भवला की हजारो कोसांवरून आलेला पाहुणा पेडणे तालुक्यात घरच्यासारखा राहत होता आणि महाराष्ट्रातील बांद्याहून रोज दुचाकीने कामाला येणारा गवंडी पत्रादेवीच्या सीमानाक्यावर परका ठरला होता.

तिसरी अवस्था उपचारांची असते आणि रोग येण्यापूर्वीच ती पूर्ण होते, हे तिचे वैशिष्ट्य आहे. साथ मार्चमध्ये आली आणि मार्च हा पेडणे-डिचोलीत काजूच्या बोंडूंचा हंगाम. बोंडूंचा रस आंबवून पहिल्या धारेला मिळतो तो हुर्राक आणि पुन्हा भट्टीवर चढवल्यावर मिळते ती फेणी. हात निर्जंतुक करण्यासाठी द्रवात किमान ६० टक्के अल्कोहोल लागते. हुर्राकात ते साधारण १५ टक्के आणि फेणीत ४० ते ४५ टक्क्यांच्या आसपास असल्याने हाताच्या दृष्टीने दोन्ही निरुपयोगी ठरतात. घशाच्या दृष्टीने ती उपयोगी असल्याचा पुरावा शास्त्राकडे नव्हता. परंतु शास्त्राकडे पुरावा नसणे आणि माणसाकडे खात्री असणे या दोन गोष्टी एकाच बलकांवात, म्हणजे गोमंतकीय घराच्या दारापुढील बाकांच्या ओट्यावर, समोरासमोर सुखाने बसू शकतात. सरकारेही या परंपरेत मागे राहिली नाहीत. केंद्रीय आयुष मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्येच आर्सेनिकम आल्बम ३० या होमिओपॅथिक गोळ्या सुचवल्या, आणि गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी मे २०२१ मध्ये अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध देण्याचे जाहीर केले, जरी जागतिक आरोग्य संघटनेने चाचण्यांव्यतिरिक्त ते या रोगासाठी वापरू नये असे सांगितलेले होते. विषाणूवर त्याचा परिणाम काहीही झाला असो, जंतांच्या दृष्टीने तो काळ कठीण होता.

एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते, या आकड्याला मूलभूत पुनरुत्पादन संख्या म्हणतात. आरंभीच्या कोरोना विषाणूसाठी ती सुमारे दोन ते तीन मानली गेली. अफवेसाठी हा आकडा अद्याप कोणी काढलेला नाही, परंतु केरीहून सुटलेली फेरीबोट पलीकडे लागेपर्यंत जी काही मिनिटे जातात, तेवढ्यात एका माणसाची माहिती बोटीवरील सर्वांना, इंजिनाचा आवाज असूनही, पूर्ण तपशिलासह मिळते हे लक्षात घेता तो बराच मोठा असला पाहिजे. शिवाय विषाणूला माणसाच्या शरीरात दोन ते चौदा दिवसांचा अधिशयनकाळ, म्हणजे शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अवधी, लागतो. अफवेला तो लागत नाही.

चौथी अवस्था सीमेची, आणि येथे साथ खऱ्या अर्थाने घरी पोचते. देशावरच्या गावांत पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याची रीत होती, आणि पुढच्या गावाने तो आपल्या शिवेतून त्याच्या पुढच्या गावाकडे ढकलावा अशी अपेक्षा असे. हा गाडा शेवटी कोठे पोचत असे याविषयी परंपरा मौन पाळते. २०२० मध्ये हाच गाडा देशांनी देशांकडे, राज्यांनी राज्यांकडे आणि वाड्यांनी वाड्यांकडे ढकलला, फक्त वाजंत्र्यांऐवजी पोलिसांच्या शिट्ट्या होत्या. ज्या पत्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा मानण्यास नकार देणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्याच पत्रादेवीला आता ताप मोजण्याचे यंत्र घेतलेला कर्मचारी सीमा मानण्याचा आग्रह धरत उभा राहिला.

गोव्यातील पहिले तीन रुग्ण २५ मार्च २०२० रोजी नोंदले गेले आणि तिघेही परदेशप्रवास करून आलेले होते. तोवर राज्याने सर्व काही इतके काटेकोर बंद केले होते की काही दिवस किराणा दुकानेही मिटलेली राहिली, आणि जो गोवा दुधासाठी कोल्हापूरकडे व भाजीसाठी बेळगावकडे पाहतो त्याला स्वयंपूर्णतेचा अर्थ रिकाम्या डब्यांतून समजला. तिनाचे सात झालेले रुग्ण एप्रिलमध्ये सगळे बरे झाले, १ मे रोजी दोन्ही जिल्हे हरित क्षेत्र, म्हणजे रुग्ण नसलेला भाग, ठरले आणि सुमारे दोन आठवडे गोव्याला असे वाटले की रोग ही बाहेरच्या लोकांची खोड आहे. मेच्या मध्यावर पुन्हा रुग्ण सापडले ते बाहेरून आलेले होते म्हणून या सिद्धांताला बळ मिळाले. १ जून रोजी वास्कोतील मांगूर हिल प्रतिबंधित क्षेत्र, म्हणजे आत-बाहेर येण्याजाण्यास मनाई असलेला भाग, झाले तेव्हा सिद्धांत मोडला नाही, फक्त ‘बाहेर’ची सीमा वास्कोपर्यंत आत ओढून घेण्यात आली.

नियम अक्षरशः लावले तर तेरेखोलची स्थिती या काळात शास्त्रीय कुतूहलाचा विषय ठरते. तेथील माणसाला रस्त्याने पेडण्याच्या बाजारात जाताना गोवा सोडणे, महाराष्ट्रात शिरणे, महाराष्ट्र सोडणे आणि गोव्यात शिरणे असे चार प्रसंग ओढवतात. प्रत्येक प्रवेशाला चौदा दिवसांचे विलगीकरण धरल्यास जाण्यास अठ्ठावीस आणि येण्यास अठ्ठावीस दिवस लागून तांदूळ आणायला गेलेला गृहस्थ छप्पन्न दिवसांनी, डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचे शिक्के घेऊन परतेल. हा हिशेब कागदावरचा आहे हे खरे, परंतु साथीच्या काळात जग बरेचसे कागदावरच चालते. त्यात पेडण्यातील फेरीबोटीची केरी वेगळी, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी तपासणीनाका असलेली सत्तरीतील केरी वेगळी आणि दोडामार्ग तालुक्यातील केर आणखी वेगळे, हे ध्यानात घेता एखाद्या अर्जाचा प्रवास अर्जदारापेक्षा लांबचा होण्याची शक्यता नाकारता येत नाही.

नदीच्या महाराष्ट्राकडील काठावर परदेशाचे नाव मुंबई होते. सिंधुदुर्गातील घरे ज्यांच्या पगारावर उभी राहिली, ज्यांच्या वाटेकडे गाव चतुर्थीला डोळे लावून बसते, ते चाकरमानी त्या वर्षी गावच्या वेशीवर थांबवले गेले. मनीऑर्डरीने येणारा चाकरमानी प्रिय आणि एसटीने येणारा संशयास्पद, असा भेद प्रथमच इतका स्पष्ट झाला. २०२० ची चतुर्थी २२ ऑगस्टला होती, आणि गणपतीसाठी येणाऱ्यांचा विलगीकरणाचा काळ चौदा दिवसांवरून दहा दिवसांवर आणण्याची जी चर्चा जिल्ह्यात रंगली, तीत विषाणूच्या अधिशयनकाळापेक्षा रजेच्या दिवसांचा विचार अधिक होता. ज्या जिल्ह्यात आचरे, चिंदर यांसारखी गावे ठरावीक वर्षांनी गावपळण करतात, म्हणजे सगळी माणसे गुराढोरांसह तीन दिवस गाव रिकामे करून शिवेबाहेर राहतात, तेथे सगळ्यांनी महिनोन्‌महिने शिवेच्या आत बसून राहणे ही परंपरेची उलटी आवृत्ती होती, आणि एकत्र राहण्याची हौस बाहेर झोपड्यांत जितकी टिकते तितकी आत घरात टिकत नाही असा एक निष्कर्ष त्यातून काढता येतो.

परदेशी विषाणूला मिळणारा हा मान देशी विषाणूला मिळत नाही, ही बाब विशेष नोंदवण्याजोगी आहे. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये ओळखला गेलेला आणि माकडताप या नावाने परिचित असलेला विषाणूजन्य रोग गोचिडींच्या चावण्यातून माणसांत येतो. तो २०१५ च्या सुमारास सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गातील केर गावात पोचला आणि पुढे बांद्याच्या परिसरातही आढळला. काजूच्या बागांत बोंडू गोळा करणारी माणसे त्याच्या तावडीत सापडली, काही दगावलीही. या रोगाची कोणत्याही विमानतळावर तपासणी झाली नाही, त्याला कोणत्याही सीमेवर अडवले गेले नाही आणि दूरचित्रवाणीवर त्याच्या नकाशासाठी लाल रंग खर्च झाला नाही. चालत आलेल्या पाहुण्याला विमानाने आलेल्याइतका चहा मिळत नाही, हा लोकव्यवहार रोगांनाही लागू पडतो.

दुसऱ्या वर्षी विनोदाला जागा कमी उरली. मे २०२१ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात प्राणवायूच्या पुरवठ्यातील अडचणींच्या काळात रुग्ण दगावले, प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेले, आणि साथ ओसरेपर्यंत या लहानशा राज्यात सुमारे चार हजार माणसे गेली. त्याच महिन्यात न्यायालयाच्या आदेशानुसार राज्यात येणाऱ्यांना लागण नसल्याचा दाखला सक्तीचा झाला. दाखल्याची मुदत ७२ तासांची असल्याने पर्यटकासाठी तो एकदाचा सोपस्कार होता. सावंतवाडीहून रोज कामाला येणाऱ्यासाठी मात्र दर तीन दिवसांनी नाक पुढे करण्याची ती अट होती. आणि या सीमेची खरी गंमत, तिला गंमत म्हणायचे तर, अशी की सिंधुदुर्गातील गंभीर रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या याच बांबोळीला नेले जातात. निरोगी माणसाला अडवणारा नाका आणि आजारी माणसाचा भरवसा असलेले रुग्णालय हे एकाच रस्त्यावर येतात.

पुढची साथ कोठून उठेल हे सांगता येत नसले, तरी ती पेडण्यात कशी येईल हे सांगणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पूर्वी दाबोळीला उतरलेल्या रोगाला झुवारी, मांडवी आणि शापोरा या तीन नद्या ओलांडून पेडणे गाठावे लागे; ५ जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाल्याने परदेश थेट पेडणे तालुक्यात उतरतो. तेव्हाही आधी त्या लोकांच्या ताटाची चौकशी होईल, मग बोटीवरच्या मुलाला फोन जाईल, मग काढा उकळेल आणि शेवटी कोणीतरी रस्त्यावर आडवे लाकूड टाकील. ते लाकूड टाकण्यापूर्वी ग्रामपंचायतीने, अथवा राज्याने, अथवा देशाने, शिवेपलीकडून रोज काय काय येते याची यादी करण्याचा प्रघात पाडल्यास साथरोगशास्त्रात मोलाची भर पडेल. त्या यादीत कोल्हापूरचे दूध, बेळगावची भाजी, बांद्याचा गवंडी, सावंतवाडीहून औषधकारखान्यात येणारा कामगार, बोटीवरून येणारे पैसे, चतुर्थीला येणारा भाऊ आणि विषाणू अशी नावे निघतील, आणि यांपैकी प्रवासपरवान्याचा ई-पास न काढता येणारा फक्त शेवटचा असेल.